वन्सं जिथं जाऊन यायच्या

सकाळच्या चहाआधी आमच्या वन्संशी महत्त्वाचं काही बोलायचं नाही, असं आमच्या घरात न ठरवता ठरून गेलं होतं. कारण त्या वेळी वन्सं घरात असतीलच असं नाही. म्हणजे शरीरानं असायच्या. ओट्यापाशी उभ्या, हातात चहाचं गाळणं, वेणी अर्धी घातलेली, आणि नजर खिडकीच्या जाळीवर. जाळीपलीकडे समोरच्या इमारतीची पिवळट भिंत आणि तिच्यावरून खाली आलेला पाण्याचा पाइप, एवढंच काय ते दिसायचं. पण वन्सं त्या पाइपाकडे अशा बघायच्या की जणू तिथून कुणी ओळखीचं माणूस चालत येतंय. ओठांवर बारीकसं हसू असायचं. मी हाक मारली तर ती त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागायचा, आणि पोचली तरी त्या मान वळवायच्या ती पाण्याखाली वळवल्यासारखी, सावकाश.

मग मी चहात साखर जरा चढ घालून कप त्यांच्या हातात द्यायची. हात धरून प्यायला लावायची. हळूहळू कपाळावरचा घाम सुकायचा, नजर जाळीवरून सुटून माझ्यावर यायची.

"आले गं," त्या म्हणायच्या.

"कुठं गेला होतात?"

"कुठं नाही. इथंच."

आणि उरलेली वेणी घालायला लागायच्या.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. वडील लवकर गेले, आईनं अंथरूण धरलं, तेव्हा वन्संनी नर्सचं शिक्षण घेतलं आणि धाकट्या भावाला वाढवलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "रोज वॉर्डभर नवरे बघते, एकही औषध वेळेवर घेत नाही." ह्यांना त्या अजून 'धाकट्या' म्हणतात, ह्यांच्या डोक्यावर केस कमी आणि टक्कल जास्त, तरी धाकट्याच. मी लग्न होऊन आले त्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हे बघ, मी नणंद आहे, पण मला कामावरून आल्यावर भांडायची ताकद नसते. तेव्हा भांडण असेल तर सुट्टीच्या दिवशी काढ." सुट्टीच्या दिवशी त्या झोपायच्या, म्हणून आमचं भांडण राहूनच गेलं.

त्यांचा हात हलका होता. इंजेक्शन द्यायला आल्या की वॉर्डातली माणसं दुसऱ्या नर्सला म्हणायची, थांबतो, त्या सिस्टर येऊ देत. घरी आल्यावरही त्यांना सुट्टी नसायची. खालच्या मजल्यावर चित्रकलेचे निवृत्त मास्तर एकटे राहतात. त्यांना साखरेचा आजार. त्यांच्याकडे फ्रिज नाही, म्हणून त्यांची इन्सुलिनची बाटली आमच्या फ्रिजमध्ये, अंड्यांच्या कप्प्यात. रोज सकाळी, चहा पिऊन ताळ्यावर आल्या की, वन्सं ती बाटली घेऊन खाली जायच्या, मास्तरांना टोचायच्या आणि त्यांचं एखादं चित्र बघून यायच्या. मास्तर टोचणीपेक्षा चित्रावरच्या शेऱ्याला जास्त घाबरायचे.

हे सकाळचं हरवणं पुढं वाढत गेलं. जेवायला उशीर झाला की व्हायचं, खूप चालणं झालं की व्हायचं. एकदा वन्सं बाजारात भाजीवाल्याला पैसे द्यायच्या ऐवजी त्याच्या कपाळाला हात लावून बघत उभ्या राहिल्या, ताप आहे का म्हणून. तो बिचारा इतका भांबावला की त्यानं जीभही दाखवली. आम्ही हसलो. वन्संही हसल्या. पण त्यानंतर त्यांनी गणवेशाच्या खिशात साखरेचे चौकोनी खडे ठेवायला सुरुवात केली. काहीतरी गोड पोटात गेलं की आपण परत येतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. का येतो, ते मात्र त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. दुसऱ्याचं दुखणं नखावरून ओळखणारी माणसं स्वतःच्या बाबतीत अशी आंधळी होतात.

एका दुपारी त्या वॉर्डात औषधांची गाडी ढकलत होत्या. ढकलता ढकलता थांबल्या. मेट्रनबाईंनी विचारलं, "काय झालं?" तर वन्संनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "चपला काढा, पाणी येतंय." मेट्रनबाईंनी तिथल्याच यंत्रानं बोटातलं रक्त तपासलं. साखर तळाला गेलेली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर वन्सं उठून बसल्या आणि गाडी कुठं आहे ते विचारायला लागल्या.

इथवर सगळं ठीक होतं. पण नंतर मोठ्या डॉक्टरांनी विचार केला. या बाईंना साखरेचा आजार नाही. मग साखर इतकी खाली कशी? रक्तातली साखर खाली आणतं ते इन्सुलिन. इन्सुलिन कुणाच्या हातात असतं? नर्सच्या. आणि खिशात साखरेचे खडे कशाला, आधीच माहीत नसेल तर?

त्यांनी ह्यांना बोलावून घेतलं. मी बरोबर होते. डॉक्टर वाईट बोलले नाहीत, हेच वाईट होतं. फार हळू आवाजात म्हणाले, "काही माणसं स्वतःच टोचून घेतात. तो मनाचा आजार असतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तसं असेल तर त्यांच्या हातात पुन्हा सुई देता येणार नाही." चौकशी होईपर्यंत वन्संना घरी बसायला सांगितलं.

घरी आल्यावर ह्यांनी फ्रिज उघडला, अंड्यांच्या कप्प्यातली बाटली काढली आणि खाली गेले. मी जिन्यावर उभी होते, मला ऐकू येत होतं.

"मास्तर, ही तुमच्याकडेच ठेवा आता."

"अहो, पण ठेवू कुठं? उकाडा बघा किती आहे."

"ओल्या फडक्यात गुंडाळा. बर्फ आणा."

"आणि टोचायचं कुणी?"

ह्यांची पावलं जिन्यावर वाजायला लागली.

वन्सं आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांनाही ऐकू गेलं असणार. आमच्या भिंती म्हणजे नुसत्या नावाला भिंती. हे आत आले आणि पलंगाच्या कडेला बसले.

"ताई, मला खरं सांग. मी रागावणार नाही."

"तू माझ्यावर रागावणार? तुझा शेंबूड पुसायला मी होते."

"विषय बदलू नकोस."

वन्संनी कूस बदलली. त्यांचा चेहरा रडका नव्हता. थकलेला होता. "धाकट्या, मी टोचून घेत नाही. आता हे तुला किती वेळा सांगू ते तूच सांग, तेवढ्या वेळा सांगते."

हे उठून गॅलरीत गेले. माझा नवरा वाईट नाही. पण त्याला शिकलेल्या माणसानं हळू आवाजात सांगितलेलं लगेच पटतं. आणि वन्संचं दुखणं नोकरी जाण्याचं नव्हतंच. ज्या पोराला वाढवलं त्यानं 'खरं सांग' म्हणावं, हे ते दुखणं होतं.

आठवड्यानंतर ग्रंथींच्या डॉक्टरीणबाईंनी वन्संना बोलावलं. आपल्या शरीरात ज्या ग्रंथी रस बनवून थेट रक्तात सोडतात, त्यांच्या या डॉक्टर. वयानं लहान, केस कापलेले, बोलणं सरळ. त्या म्हणाल्या, "मी विश्वासही ठेवत नाही आणि संशयही घेत नाही. मी बघणार आहे. तुम्हाला इथं ठेवून उपाशी ठेवायचं. फक्त पाणी. साखर आपोआप खाली आली की त्याच क्षणी रक्त घ्यायचं. जास्तीत जास्त तीन दिवस."

"आणि नाही आली तर?" वन्संनी विचारलं.

"तर मग मोठे डॉक्टर म्हणतात ते."

वन्सं 'बरं' म्हणाल्या.

त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या मुलींनी त्यांची झडती घेतली. पिशवी, उशी, चपलांचे तळवेसुद्धा. मुली मान खाली घालून करत होत्या. वन्सं म्हणाल्या, "अंबाड्यातही बघ गं नीट, तिथं अख्खा दवाखाना लपवलाय." एक मुलगी हसता हसता रडायला लागली, तर तिला म्हणाल्या, "रड नंतर. आधी गादीखाली बघ, तू गादी विसरलीस."

माझीही झडती झाली. मी घरी शिवणकाम करते, शाळेचे गणवेश, फ्रॉक, पडदे. वेळ जावा म्हणून हातशिलाईचं काम बरोबर नेलं होतं. ते काढून घेतलं.

"शिवायच्या सुया आहेत हो," मी म्हटलं.

"सुई ती सुईच, काकू."

म्हणून मी रिकाम्या हातांनी बसले. रिकाम्या हातांनी बसण्याची सवय नसलेल्या बाईला देवाशिवाय दुसरं काम उरत नाही. मी मनात नाव घेत राहिले. खोली पांढरी होती, पडदा फिकट निळा, आणि पंख्याच्या वाऱ्यानं तो आत यायचा, बाहेर जायचा, कुणी निजलेलं माणूस श्वास घेतंय तसा. दिवस त्या पडद्याबरोबर आत-बाहेर होत गेला. बाहेर कुणाचे तरी बूट वाजायचे, जवळ यायचे, लांब जायचे. वन्सं पाणी प्यायच्या आणि छताकडे बघायच्या.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मी विचारलं, "रागावू नका, पण रक्तात इन्सुलिन सापडलं तर ते वन्संचं की बाटलीतलं, हे तुम्हाला कळणार कसं? ते काय सही करून येतं?"

त्या खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "पोटात जठराच्या मागे एक ग्रंथी असते, स्वादुपिंड. त्यात पेशींची बारीक बारीक बेटं असतात. त्या पेशी इन्सुलिन बनवतात, पण एकदम तयार माल बनवत नाहीत. आधी एक लांब धागा बनतो. तो दुमडतो, तीन ठिकाणी टाके पडून पक्का होतो. मग पेशीच्या आत एका इवल्याशा पिशवीत तो भरला जातो, आणि त्या पिशवीतच त्याचा मधला तुकडा कापून टाकतात. उरतं ते इन्सुलिन."

"आणि कापलेला तुकडा?"

"तो बाहेर टाकत नाहीत. त्याच पिशवीत राहतो. अशा हजारो पिशव्या पेशीत साठवून ठेवलेल्या असतात. काही अगदी भिंतीला टेकून, बाकीच्या मागे वाट बघत. तुम्ही जेवलात, रक्तात साखर वाढली, की पेशीला निरोप कळतो. पिशवी भिंतीला चिकटते, तिथंच तिचं तोंड उघडतं, आणि आतलं सगळं रक्तात. इन्सुलिन आणि तो तुकडा, दोन्ही. जितकं इन्सुलिन, तितकेच तुकडे."

मला आमची पुढची खोली दिसत होती. मशीनखाली रोज संध्याकाळी पडलेला ढीग.

"म्हणजे चिंध्या," मी म्हटलं. "घरात फ्रॉक शिवला तर घरात चिंध्या पडणारच. दुकानातून तयार आणला तर घर स्वच्छ."

डॉक्टरीणबाई हसल्या. "हो. कारखान्यातून बाटलीत येतं ते इन्सुलिन झाडून-पुसून येतं. त्यात हा तुकडा नसतो. मी रक्तात चिंध्या शोधणार आहे. आणखी एक, साखरेच्या आजाराच्या काही गोळ्या खाल्ल्या तर पेशी उगाच पिशव्या रिकाम्या करतात. तेव्हाही चिंध्या दिसतात. म्हणून गोळ्यांचीही तपासणी करणार. शंका घ्यायला कुणाला वाट राहायला नको."

पलंगावरून वन्सं म्हणाल्या, "शिकले होते मी हे. परीक्षेत दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या दोन ओळी एक दिवस माझ्यावरच येतील असं वाटलं नव्हतं."

"पण वन्संनी काही खाल्लेलं नसताना पेशी पिशव्या उघडतातच कशाला?" मी विचारलं.

"उघडतायत की नाही तेच तर बघायचंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कधी कधी या पेशींची एक छोटी गाठ होते. त्या पेशींना शिस्त नसते. नीट साठवत नाहीत, निरोपाची वाट बघत नाहीत. साखर असो नसो, सोडत राहतात. कधी तर धागा पुरता कापायच्या आधीच."

म्हणजे टाचण्या न काढताच गिऱ्हाइकाला घालायला द्यायचं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन खिडकीतून पलंगाच्या पायथ्याशी आलं, आणि वन्संनी चादर हळूहळू गुडघ्यांपर्यंत वर गोळा करायला सुरुवात केली. पाण्यात उतरताना बायका पदर-परकर सावरतात तशी. मला कळलं. मी नर्सला हाक मारली.

"वन्सं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नजर माझ्या चेहऱ्यावरून गेली आणि पुढं निघून गेली. "आई, केवढं स्वच्छ आहे गं," त्या म्हणाल्या. "तळ दिसतोय."

नर्सनं बोट टोचलं, यंत्रात बघितलं, धावत गेली. डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी साखर दिली नाही. आधी रक्त घेतलं. एक नळी, दुसरी नळी, तिसरी. वन्संच्या कपाळावर घाम, ओठ हलतायत, आणि चेहऱ्यावर इतकी शांतता की मला भीती वाटली, ही या वेळी परतच येणार नाही. मला ओरडून सांगायचं होतं, द्या तिला काहीतरी गोड, बस झाली तुमची तपासणी. मी पलंगाची कड धरून उभी राहिले. आणि तेव्हा माझ्या तोंडून देवाकडे जे मागणं गेलं ते आयुष्यात कुणी मागत नसेल. मी म्हटलं, देवा, हिला आजार निघू दे. हिच्या पोटात गाठ असू दे.

तिसरी नळी भरली. मगच शिरेतून ग्लुकोज गेलं. पडदा आत आला, बाहेर गेला. वन्संच्या बोटांतून चादर सुटली.

"आले," त्या म्हणाल्या.

निकाल यायला दिवस लागले. त्या दिवसांत घरात भांडी फार हळू वाजत होती. हे वेळेवर घरी यायचे, ताटाकडे बघून जेवायचे. मास्तर दुसऱ्या कुणाकडून टोचून घेत होते आणि मला जिन्यात दंडावरची काळी-निळी नक्षी दाखवत होते.

डॉक्टरीणबाईंनी तिघांना बोलावलं. मोठे डॉक्टरही तिथं बसले होते. त्या म्हणाल्या, "साखर तळाला गेलेली असताना इन्सुलिन थांबायला हवं होतं. थांबलेलं नव्हतं. आणि तुकडे आहेत, भरपूर आहेत. अर्धवट कापलेला धागाही आहे. गोळ्यांचा मागमूस नाही."

"म्हणजे?" हे म्हणाले.

मला राहवलं नाही. "म्हणजे वन्संच्या घरीच शिवलंय ते सगळं. बाहेरून काही आणलेलं नाही."

मोठे डॉक्टर उठले, वन्संपाशी गेले आणि म्हणाले, "सिस्टर, मी चुकलो." वन्संनी मान हलवली. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. त्यांना चष्मा पुसायचा नव्हता हे सगळ्यांना कळत होतं.

पुढं फोटोत गाठ दिसली, वाटाण्याएवढी. ऑपरेशन झालं. एवढ्याशा गोष्टीनं आमच्या घरात केवढी जागा व्यापली होती. वन्सं अशक्त झाल्या, पण सकाळी चहाआधीही त्या आता इथंच असायच्या. कप मागायच्या, साखर जास्त झाली म्हणून नावं ठेवायच्या. मेट्रनबाई फळं घेऊन घरी आल्या आणि जाताना म्हणाल्या, "बरं वाटलं की या. वॉर्डातली माणसं मुलींना हात लावू देत नाहीत." वन्सं म्हणाल्या, "मुलींना शिकू द्या की मग." पण त्यांचा चेहरा उजळला होता.

ह्यांचं मात्र सुटत नव्हतं. फळं चिरून द्यायचे, औषधं आणायचे, उशी सरळ करायचे, बोलायचे नाहीत. एका सकाळी मी मशीनवर बसले होते, दार उघडं होतं. हे वन्संच्या पलंगाशी स्टूल घेऊन बसले.

"ताई, मी बाटली खाली देऊन आलो त्या दिवशी."

"माहितीये. मास्तर रोज बर्फ वाहत होते. म्हणाले, तुझ्या भावानं मला कोळी करून ठेवलंय, माशांसारखी बाटली सांभाळतोय."

हे हसले नाहीत. "मला तुझं ऐकायला हवं होतं."

"हो," वन्सं म्हणाल्या. "हवं होतं."

त्यांनी ते सोडूनही दिलं नाही आणि धरूनही ठेवलं नाही. मी पायडलवर पाय ठेवून थांबले होते. मग हे म्हणाले, "तेव्हा तू कुठं जायचीस? तू हरवायचीस तेव्हा. खरंच विचारतोय."

इतक्या वर्षांत मी विचारत होते तर मला 'इथंच' म्हणायच्या. पण आता वन्संनी उशीवर डोकं टेकलं आणि सांगायला लागल्या.

"पाणी असायचं. लांबच लांब, पण घोट्यापर्यंतच. उजेड वरून नाही, खालून यायचा, पाण्यातून. खूप माणसं चालत असायची, चपला हातात घेऊन. कुणाला घाई नाही. मी त्यांच्यातून जायची आणि एकेकाकडे बघायची, सवयीनं, याला कुठं दुखतंय, त्याला काय झालंय. तर कुणाला काही झालेलंच नसायचं. कुणाचंच काही दुखत नव्हतं, धाकट्या. मला तिथं काही कामच नव्हतं. इतकं बरं वाटायचं."

"आता नाही दिसत?"

"नाही. डॉक्टरीणबाईंनी काढून टाकलं ते, गाठीबरोबर." त्यांनी चादरीची कड सरळ केली. "तसं चुकल्यासारखं वाटतं कधी कधी. देवानं बाकी सगळं नीट केलं असताना हे सांगायला लाज वाटते."

ह्यांनी त्यांचा हात हातात घेतला. "मी होतो का तिथं?"

"तू?" वन्संनी आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं, गोड बोलण्यासाठी नाही. "नव्हतास. सगळीकडे शोधायची मी. तू नाहीस म्हटलं की परत फिरायची."